चुंबकाला न चिकटलेला डबा

विश्रामबागेत आमच्या घरासमोर एक छोटी बाग आहे. तिच्या फाटकाशी स्टेनलेस स्टीलचा कचऱ्याचा जोडडबा आहे. दोन खांब, मध्ये झुलणारे दोन डबे, एक ओल्याला, एक सुक्याला, आणि वर एक आडवी पट्टी. त्या पट्टीवर माझ्या वडिलांचं नाव कोरलंय. हुद्द्यासकट. माणसं सकाळी फिरायला येतात, तोंडातला तोबरा आटपतात आणि त्या नावावर थुंकतात. मुद्दाम नव्हे. थुंकायचं डब्यातच असतं, पण नेम चुकतो. जन्मभर रोज तेच काम केलेल्या माणसांचा नेम इतका कसा चुकतो, हे मला अजून कळलेलं नाही.

वडील हयात आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण ते नाव वाचून लोक मला हळू आवाजात विचारतात, "कधी गेले?" गेलेले नाहीत. गॅलरीत बसलेत. तिथून त्यांना डबा सरळ दिसतो.

आणि रोज सकाळी माझी बायको घरातला कचरा दोन पिशव्यांत घेऊन रस्ता ओलांडते आणि त्या डब्यात टाकून येते. घंटागाडी आमच्या दारात येते, गाणं वाजवत थांबते, गाडीवरचा माणूस आशेनं वर बघतो. त्याला आमच्या घरचं काही मिळत नाही. त्यानं एकदा मला विचारलंसुद्धा, वहिनींचा काय राग आहे का म्हणून. मी म्हटलं, तुझ्यावर नाही.

वडिलांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. मूळचे आम्ही कोरेगावच्या बाजूचे. आबा सैन्यात भांडारावर होते. म्हणजे लढाई त्यांनी पाहिली नाही, पण लढाईला गेलेली पातेली परत किती आली हे डोळ्यांत तेल घालून पाहिलं. त्या नोकरीतून दोन गोष्टी त्यांनी घरी आणल्या: कुणावरही विश्वास न ठेवण्याची सवय आणि एक चुंबक. जुन्या स्पीकरमधलं, काळं, कड्यासारखं, त्याला पायजम्याची नाडी बांधलेली. ते कायम त्यांच्या खिशात. किल्ल्या त्याला चिकटायच्या, दाढीचं पातं चिकटायचं, आणि माझं बँकेचं कार्ड त्यानं एकदा कायमचं मुकं करून ठेवलं. त्यांचा सिद्धांत सोपा होता. चुंबक चिकटलं तर ते लोखंड, वर नुसता मुलामा. नाही चिकटलं तर अस्सल स्टील. तसं आमच्या भागात भांड्यांच्या दुकानात अर्ध्या बायका हेच करतात. पण त्या दुकानात करतात. आबा लोकांच्या घरी करायचे. चहा येण्याआधी पेला तपासला जायचा. खिशातली रुपयाची नाणी चुंबकाला चिकटतात हे कळलं, त्या दिवसापासून सरकारही त्यांच्या मनातून उतरलं.

माझं लग्न पाटणला झालं, बायकोच्या दारात. सासऱ्यांची भाताची थोडी जमीन, दोन म्हशी. त्यांनी लेकीला आंदण म्हणून स्टीलची भांडी घेतली होती, कऱ्हाडच्या बाजारातून, गाडीच्या टपावर बांधून आणलेली. पातेली, परात, डबे, तांब्या-पेले आणि पाण्याची कळशी. प्रत्येकावर सासऱ्यांचं नाव घातलं होतं. दुकानातलं ते टर्रर्र करणारं यंत्र फार सुबक अक्षर काढत नाही, पण सासऱ्यांनी नाव पुरतं घालायला लावलं होतं, गावासकट. मांडवात सतरंजीवर ती सगळी मांडली होती. ऊन पडून डोळे दिपत होते. गावच्या बायका येऊन बघत होत्या, आणि सासरे जरा बाजूला उभे होते, बघणाऱ्यांकडे बघत.

मी नवरदेव होतो, म्हणजे कार्यातला सगळ्यांत निरुपयोगी माणूस. मुंडावळ्या नाकाशी येत होत्या आणि शिंक दाबणं एवढंच माझ्याकडे काम होतं. म्हणून आबा उठून सतरंजीशी कधी गेले, ते मला दिसलं नाही. एकदम शांतता झाली तेव्हा मी मान वळवली. आबांनी खाली वाकून कळशीच्या पोटाला चुंबक लावलं होतं आणि हात सोडला होता. चुंबक तिथंच राहिलं. नाडी तेवढी लोंबत होती.

मग त्यांनी ते काढून परातीला लावलं. चिकटलं. पातेल्याला. चिकटलं. प्रत्येक वेळी टक् असा बारीक आवाज व्हायचा, आणि तेवढाच आवाज मांडवात होता. सगळं झाल्यावर आबा उभे राहिले आणि परेडवर बोलावं तसं म्हणाले, "पाव्हणं, ह्ये संसारात घालायचं का भंगारात?"

आमच्याकडची दोन-चार माणसं हसली. वऱ्हाडातली माणसं हसायलाच आलेली असतात.  सासऱ्यांनी हात जोडले, आणि मग जोडलेले हात कुठं ठेवावेत हे न कळल्यासारखे बराच वेळ तसेच धरून ठेवले. अक्षता पडल्या, जेवणं झाली, पाठवणी झाली. भांडी आमच्याबरोबर आली. आबा म्हणाले, असू दे, गुरांना पाणी पाजायला होतील.

त्यानंतर सासरे आमच्या घरी कधी पाणी प्याले नाहीत.

सुरुवातीला हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण जुनी रीतच आहे. लेकीला पहिलं मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही. सासरे यायचे, ओट्यावर टेकायचे, लेकीशी बोलायचे, तसेच कोरडे परत जायचे. आमची आई कौतुकानं म्हणायची, माणूस रितीभातीचा आहे. मग आम्हाला मुलगी झाली. बारशाला सासरे आले. आता रीत संपली होती. बायकोनं हौसेनं पाण्याचा पेला पुढं केला, गुळाचा खडा ठेवला. सासऱ्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आज उपास हाय."

हा माणूस मंगळवारी मटण खायचा. त्याला उपास ठाऊक असेल तर दुसऱ्यांचा. पण तेव्हापासून तो जेव्हा जेव्हा आला तेव्हा उपास होता. सोमवारी होता, बुधवारी होता, दिवाळीत होता. निर्जळी. भर उन्हाळ्यात पाटणहून दोन गाड्या बदलून यायचा, ओठ सुकलेले असायचे, आणि पेला पुढं केला की तोच मंत्र. जाताना कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोन ग्लास पाणी ढोसून चहा प्यायचा. हॉटेलवाला मला सांगायचा. लोक असल्या गोष्टी आवर्जून सांगतात.

बायको यावर कधी आमच्याशी भांडली नाही. तिनं एवढंच केलं, की त्या भांड्यांतलं एकही भांडं गुरांकडं जाऊ दिलं नाही. स्वयंपाक त्यातच, पाणी त्याच कळशीत. आम्ही कोरेगाव सोडलं, माझ्या बँकेच्या नोकरीनं साताऱ्याला बिऱ्हाड केलं, मग बदलीनं सांगलीला आलो. बाकी सामान प्रत्येक वेळी टेम्पोत गेलं. कळशी तिच्या मांडीवर. आबांना तिनं कधी दुसऱ्या भांड्यातलं पाणी दिलं नाही. आबा पीत होते आणि पिता पिता त्या भांड्यांना नावं ठेवत होते. दोघांनाही त्यात काही अवघड गेलं असं दिसलं नाही. मधे अवघड जायला मी होतोच.

आई गेल्यावर आबा आमच्याकडे विश्रामबागेत कायमचे राहायला आले. बागेत निवृत्त मंडळींचा एक कट्टा आहे. सकाळी ही मंडळी चार फेऱ्या मारतात आणि चाळीस फेऱ्यांच्या गप्पा मारतात. त्यांच्यात एकदा टूम निघाली, बागेला काहीतरी भेट द्यावी. एकानं झाड सुचवलं. आबा म्हणाले, मरतं. दुसऱ्यानं बाकडं सुचवलं. आबा म्हणाले, त्यावर माणसं झोपतात. भिंतीवरचं घड्याळ बंद पडतं, पाणपोईचा नळ चोरीला जातो. आबांनी सगळ्यांना गप्प केलं आणि सांगितलं, स्टीलचा कचराडबा. अस्सल. आपण जाऊ, तो राहील. आणि नाव आत्ताच घालू, कारण मेल्यावर पोरं घालतील याचा भरवसा न्हाई. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी केळं खात होतो. मी साल हातात धरून उभा राहिलो, कारण टाकायला खरोखरच कुठं डबा नव्हता.

मग आबांनी सांगलीतली दुकानं पालथी घातली. प्रत्येक डब्याला चुंबक. एका दुकानदारानं सौम्यपणे सांगून पाहिलं, की काका, चुंबकावर काही ठरत नसतं, हा जरा भारीतला घ्या, चिकटतो पण टिकेल. आबांनी त्याला असं सुनावलं, की तो बिचारा आपल्याच गल्ल्याकडे संशयानं बघायला लागला. शेवटी चुंबक सपशेल खाली पडेल असा जोडडबा मिळाला, आणि बराच स्वस्तात. स्वस्त का, हे आबांनी विचारलं नाही. जन्मभर सगळ्यांवर संशय घेणाऱ्या माणसाचा चुंबकावर मात्र आंधळा विश्वास होता.

डब्याचं उद्घाटन झालं. हो, झालं. नारळ फोडला, हार घातला. त्या डब्यात पहिला कचरा पडला तो त्याच नारळाच्या शेंडीचा, आणि तो ओल्यात टाकायचा की सुक्यात यावर कट्ट्यात वाद झाला. पण खरा कार्यक्रम वेगळाच होता. आबांनी पाटणला मुद्दाम फोन करून व्याह्यांना बोलावलं होतं. सासरे आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात पिशवीत लेकीसाठी नवा तांदूळ. बायको मला म्हणाली, आबांना आता वाईट वाटत असेल, म्हणून बोलावलं असेल. तिनं कळशी घासून ठेवली होती, पेला तयार होता.

हार घालून झाल्यावर आबांनी खिशातून चुंबक काढलं आणि सगळ्यांसमोर सासऱ्यांच्या हातात दिलं. "लावून बघा, पाव्हणं. स्टील कसं असतंय ते एकदा हातानं बघा."

सासऱ्यांनी ते घेतलं. एवढ्या वर्षांनी ते त्यांच्या हातात आलं होतं. त्यांनी ते डब्याला लावलं आणि सोडलं. चुंबक फरशीवर पडलं. सासरे वाकले, ते उचललं, फुंकर मारून पुसलं, आबांना परत दिलं. म्हणाले, "पडलं." एवढंच. कट्ट्यानं टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग आहे. घरी आल्यावर बायकोनं पेला पुढं केला नाही. सासरेच म्हणाले, उपास हाय गं, आणि बस गाठायला उठले.

डबा पहिल्या वर्षी झळकला. आबा रोज फडक्यानं पुसायचे. दुसऱ्या पावसाळ्यात जोडाच्या कडांना तांबूस डाग आले. आबा म्हणाले, कुणीतरी चहा सांडलाय. डाग वाढले. आबांनी लिंबू चोळलं, मग काथ्या, मग तारेचा चोथा, आणि जितकं घासलं तितकं ते चिडल्यासारखं लाल होत गेलं. पट्टीवरच्या अक्षरांतून गंजाचे ओघळ खाली आले. लांबून नाव रडल्यासारखं दिसायचं. मग एक बिजागरी तुटली आणि सुक्या कचऱ्याचा डबा एका कानानं लोंबू लागला. तळाला भोक पडलं, त्यातून ओल्या कचऱ्याचं पाणी गळायचं. थंडीत त्याच्याखाली एक कुत्री व्यायली. नाव मात्र खोल कोरलेलं होतं. ते टिकलं. बाकीचं सगळं त्या नावाखालून सरकत चाललं होतं.

आबांनी जाहीर केलं, की डबा बदलला गेलाय. कुणीतरी अस्सल डबा नेऊन त्या जागी नकली बसवलाय. मग त्यावर आपलं नाव कसं, असं मी विचारलं. त्यावर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. तो आठवडा बरा गेला.

याच सुमारास पाटणहून मेव्हण्याचा फोन आला. सासरे अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. बायको जाऊन आली, आणि आली ती वेगळीच होऊन आली. वडिलांना ती दादा म्हणते. भाकरी थापता थापता मला म्हणाली, "दादांनी माझ्या घरचं घोटभर पाणी प्यावं. मला दुसरं काही नको. ते गेले आणि हे राहिलं, तर मी काय करू?"

आमची मुलगी इथल्याच कॉलेजात इंजिनिअरिंग शिकते. ती ओट्याशी उभी राहून काकडी खात होती. ती म्हणाली, "आई, पण चुंबकाचा आणि भेसळीचा काही संबंधच नसतो."

बायकोचा हात थांबला.

मुलीनं तिला समजावून सांगितलं. स्टील न गंजणारं होतं ते क्रोमियममुळं. चुंबकाला चिकटणारं स्टील असतं, तेही चांगलं असतं. आपल्या खिशातली नाणी तीच, ती कुठं गंजतात? आणि न चिकटणाऱ्यातही हलकं स्टील असतं, महागडं निकेल वाचवून त्यात दुसरंच काही भरलेलं. ते चुंबकाला फसवतं, पावसाला फसवत नाही. "आबांचा डबा तसला असणार. आजोबांची भांडी चांगलीयत. बघ की, अजून नवी दिसतात."

बायकोनं तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती करपली. मग तिनं विचारलं, "हे तुला कधीपासून माहीत आहे?" मुलगी म्हणाली, पहिल्या वर्षाला असतं. बायको म्हणाली, "बरं शिकतेस." आणि करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली.

दुसऱ्या दिवशी तिनं आबांना सरळ सांगितलं, पाटणला चला आणि दादांना सांगा की भांडी चांगली होती. मग ते पाणी पितील. आबा म्हणाले, लोखंडाला लोखंड म्हनलं, त्यात माझं काय चुकलं? चुंबक खोटं बोलत न्हाई. तिनं पुन्हा विनवलं नाही. ती विनवणारी बाई मी पंचवीस वर्षांत पाहिली होती. ती त्या दिवशी संपली.

पुढच्या सकाळी कट्टा भरला होता. आबा मधोमध बसले होते. बायको कळशी काखेत घेऊन रस्ता ओलांडून आली आणि ती डब्याच्या शेजारी फरशीवर ठेवली. मी मागं होतो, अर्थातच मागं. ती म्हणाली, "आबा, तुमचं चुंबक द्या लावून दोन्हीला. सगळ्यांसमोर."

आबा खूश झाले. त्यांना वाटलं, सून शरण आली. त्यांनी कळशीला चुंबक लावलं. टक्. "चिकटलं," ते म्हणाले. मग डब्याला लावलं. गंजाचा एक पोपडा घेऊन ते खाली पडलं. "पडलं. बघा."

सगळे बघतच होते. एका बाजूला ती जुनी कळशी, तिच्यात सकाळचं आभाळ दिसत होतं. दुसऱ्या बाजूला तो एका कानाचा तांबडा डबा. खालून पिल्लू बाहेर आलं आणि कळशीत आपलंच तोंड बघून भुंकलं. कट्ट्यावर एक निवृत्त मास्तर आहेत, आबांनी ज्यांच्या घरचे पेले तपासले होते. ते म्हणाले, "आबा, चिकटलेलं चकाकतंय आणि पडलेलं सडतंय. आता यातलं भंगार कुठलं, तेवढं सांगा."

मग हसले सगळे. खोकला येईपर्यंत हसले. एकानं विचारलं, डबा परत करायला अजून पावती ठेवलीय का. दुसरा म्हणाला, नाव तेवढं कापून घ्या आणि दारावर लावा. म्हाताऱ्या माणसांचं हसणं फार वाईट असतं. त्यांना दुसरीकडं कुठं जायची घाई नसते. आबा चुंबक हातात धरून उभे होते आणि त्यांना ते हात कुठं ठेवावेत हे कळत नव्हतं. तसे हात मी पूर्वी एकदा पाहिले होते. बायकोनंही पाहिले होते. तिनं कळशी उचलली आणि म्हणाली, "गाडी सांगितलीय. आवरून घ्या."

गाडीत कळशी पुन्हा तिच्या मांडीवर. आमच्या नळाचं पाणी भरून, वर ताटली ठेवून, फडकं बांधून. प्रत्येक खड्ड्याला ती सगळं अंग आखडून धरायची. आबा पुढं बसले होते. वाटेत त्यांनी एकदाच तहान लागली म्हणून सांगितलं. बायको म्हणाली, "पाटण आल्यावर." त्यांच्या पाठीशीच भरलेली कळशी होती.

सासरे सोप्यात खाटेवर होते. अंगावर काही उरलं नव्हतं, पण डोळे होते आणि कान होते. अंगणात कोंबडी कुणाची शिरली हे ते अजून पावलांवरून ओळखायचे, असं मेव्हण्यानं आम्हाला दारातच सांगितलं. पाहुणे आले म्हणून शेजारची माणसं जमली होती. लग्नात मांडव होता तेच हे अंगण. आबा खाटेशी स्टुलावर बसले. घसा खाकरून हळूच म्हणाले, "पाव्हणं, तुमची भांडी चांगली हुती."

सासऱ्यांनी कानामागं हात धरला. "काय म्हनलासा? ऐकाया आलं न्हाई."

आबा जरा मोठ्यानं म्हणाले. सासऱ्यांनी मान हलवली. आताशा कान गेलं, म्हणाले, जरा उभं ऱ्हाऊन बोला. आबा उभे राहिले. गुडघे धरून, स्टुलाचा आधार घेऊन. मेव्हणा जमिनीकडं बघत होता. तिसऱ्यांदा आबा जे बोलले ते परेडचं बोलणं होतं. पल्याडच्या गोठ्यातली म्हैस वळून बघायला लागली.

"तुमची भांडी चांगली हुती!"

सासऱ्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर असं समाधान, की मला वाटलं झालं, गेले. मग डोळे उघडून ते शेजाऱ्यांना म्हणाले, "ऐकलं का रं समद्यांनी?" समद्यांनी ऐकलं होतं.

बायकोनं कळशीवरचं फडकं सोडलं. पेला भरला.  तिनं खाटेशी बसून पेला त्यांच्या ओठांपाशी नेला. म्हणाली, "दादा, माझ्या घरचं आहे. घ्या."

सासऱ्यांनी लेकीकडं पाहिलं. मग आबांकडं पाहिलं. अगदी सावकाश. आणि म्हणाले, "आज उपास हाय."

 बायको पेला धरून तशीच बसून राहिली. मग ती उठली आणि ते पाणी तिनं स्वतः पिऊन टाकलं, उभ्यानं, एका दमात. आबांना कुणी पाणी विचारलं नाही.  परतताना गाडीत, कऱ्हाड मागं पडल्यावर, ते म्हणाले, "ह्यो माणूस पलटणीत पायजे हुता." त्यात कौतुक होतं. मला वाटतं, आबांनी जन्मात केलेलं ते एकमेव कौतुक असेल, आणि ते ज्याचं होतं त्याच्यापर्यंत पोचलं नाही.

बायको आमच्याबरोबर परत आली नव्हती. कळशीसकट तिथंच राहिली. थोड्याच दिवसांनी बोलावणं आलं, मी पुन्हा पाटणला पोचलो आणि त्याच दिवशी सासरे गेले. शेवटच्या घटकेला तोंडात पाणी सोडतात. तिनं कळशीतलंच सोडलं, आमच्या घरचं, शिळं, तुळशीच्या पानावरून. तेव्हा त्यांना उपास सांगता येत नव्हता. ती म्हणते दोन घोट आत गेले, तिनं गळा हललेला पाहिला. मेव्हणा म्हणतो, सगळं ओठांच्या कडेनं बाहेर ओघळलं, उशी ओली झाली होती, ती त्यानंच बदलली. यावरून बहीणभावांत अबोला आहे. मला दोघंही साक्षीला बोलावतात. मी तेव्हा अंगणात फोनवर रजा मागत होतो.

दिवस आटपून ती सांगलीला परतली, त्याच्या दुसऱ्या सकाळपासून कचऱ्याचं सुरू झालं. बागेचा तो डबा काढावा, असं कट्ट्यानं दोनदा सुचवलं. भेट दिलेली वस्तू, देणाऱ्यानं म्हटल्याशिवाय हलवता येत नाही म्हणे. आबा म्हणत नाहीत. तसं म्हटलं, तर डबा खोटा होता असं ठरतं. ते आता बागेत जात नाहीत. गॅलरीत बसतात. चुंबक खिशात आहे की नाही, मला माहीत नाही. पेले तपासणं बंद आहे. पाणी मात्र त्याच कळशीतलं. पेला हातात आला की त्यावरचं नाव डोळ्यांसमोर येतं. ते चष्मा काढून ठेवतात आणि मग पितात.

बरोबर त्याच वेळी बायको रस्ता ओलांडते. ओलं ओल्यात टाकते. तळाच्या भोकातून ते बरंचसं खाली पडतं, तिला चालतं. सुकं सुक्यात. मग ती वर गॅलरीकडं बघते, आणि आबा आत बघेपर्यंत बघत राहते. काल मी तिला म्हटलं, पुरे आता, म्हातारा माणूस आहे. ती म्हणाली, "डबा टिकेल तोवर."

मी मुलीला विचारलं, तसला डबा साधारण किती टिकतो. ती म्हणाली, डब्याचं सांगता येत नाही बाबा, पण वरची पट्टी बरीच जाड आहे.